मंजुरी आधी, अटी मागाहून

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, राजधानी रॉलीपासून मोटारीने तासाभराच्या आत, पिट्सबरो नावाचं गाव आहे. चॅटम काउंटीचा कारभार इथून चालतो, म्हणजे आपल्या भाषेत हे जिल्ह्याचं ठिकाण. मधोमध 1881 साली बांधलेली कोर्टाची इमारत, तिच्याभोवती गोल रस्ता आणि त्या गोलाला लागून जुनी दुकानं, एवढाच गावाचा गाभा. 2010च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 3,743 भरली, 2020मध्ये 4,537. एवढ्याशा गावाला लागून सुमारे 7,000 एकरांवर ‘चॅटम पार्क’ ही वसाहत उभी राहते आहे. आराखड्यानुसार तिच्यात 22,000 घरं व्हायची आहेत आणि सगळी पुरी झाली की साठ हजारांच्या आसपास माणसं राहायला येतील. भरीला वॉल्ट डिस्ने कंपनीने डिसेंबर 2023मध्ये याच परिसरात सुमारे 1,500 एकरांवर ‘अ‍ॅस्टेरिया’ या आपल्या निवासी वसाहतीची घोषणा केली.

ही वाढ आभाळातून पडलेली नाही. 1959मध्ये रॉली, डरम आणि चॅपल हिल यांच्यामध्ये ‘रिसर्च ट्रँगल पार्क’ उभं राहिलं. तिथल्या औषध आणि संगणक कंपन्यांमुळे आसपासची खेडी एकामागून एक शहरं झाली. मॉरिसव्हिलची वस्ती 2000 साली 5,208 होती, ती 2020मध्ये 29,630वर गेली. या मॉरिसव्हिल-कॅरी पट्ट्यात भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांत मराठी घरंही आहेत. तिथली जमीन संपत आली, किमती चढल्या, तेव्हा बिल्डरांची नजर नैऋत्येकडे वळली. चॅटम पार्क उभारणारी कंपनी कॅरीचीच आहे.

पिट्सबरोत या प्रश्नावर दोन तट पडले: वाढ हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे. निवडणुका त्यावर लढल्या गेल्या, वर्तमानपत्रांत पत्रं झडली. माझं म्हणणं असं, की हा वादच चुकीच्या जागी चालला. वाढ हवी की नको, हे ठरवायचा अधिकार अशा गावाला जवळजवळ नसतोच. त्याच्या हाती असतो तो अटी घालण्याचा अधिकार, आणि तोही थोडाच वेळ. जमीनमालकाला गावाकडून काहीतरी हवं असतं, मग ते जमिनीचा वापर बदलून घेणं असो की पाण्याची जोडणी, तेवढ्यापुरतं गावाचं चालतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, पण नाक हाताशी असेपर्यंतच. पिट्सबरोने ती वेळ दवडली.

घडलं ते असं. गावाचा कारभार एक महापौर आणि पाच आयुक्त पाहतात. ही मंडळी पूर्णवेळ राजकारणी नसतात, नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळच्या बैठकांना येतात. त्यांच्यासमोर गावाच्या मूळ हद्दीपेक्षा कितीतरी मोठ्या वसाहतीचा आराखडा आला. समोरच्या बाजूला निष्णात वकील, अभियंते आणि मोठं भांडवल होतं. 2014मध्ये मंडळाने जमिनीच्या वापरबदलाला मान्यता दिली. नागरिकांचा एक गट कोर्टात गेला, प्रकरण फिरून मंडळापुढे आलं आणि 2015मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली. महत्त्वाचे कितीतरी मुद्दे मात्र ‘पूरक घटक’ म्हणून मागे ठेवले गेले. झाडं किती राखायची, पावसाचं पाणी कसं जिरवायचं, परवडणारी घरं किती, हे सगळं त्यांत आलं. त्यांच्या वाटाघाटी पुढची अनेक वर्षं रेंगाळल्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. नुसत्या झाडांच्या कलमावर बैठकांमागून बैठका झाल्या, आणि मंडळ मागणी करत होतं ती मंजुरी आधीच खिशात घातलेल्या पक्षाकडे.

आयुक्तांनीच कच खाल्ली, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण दोष सगळा त्यांचा नाही. नॉर्थ कॅरोलायनात गावांना अधिकार मिळतात ते राज्याच्या विधिमंडळाकडून. गेल्या दहा-पंधरा वर्षांत विधिमंडळाने आणि न्यायालयांनी गावांच्या हातातली साधनं एकेक करून काढून घेतली आहेत. नव्या वसाहतींमुळे शाळांवर पडणाऱ्या भाराचे पैसे कबॅरस काउंटीने बिल्डरांकडून घेतले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012मध्ये सांगितलं, तसा अधिकार तुम्हाला कायद्याने दिलेलाच नाही. 2016मध्ये हीच पाळी दोन-अडीच हजार वस्तीच्या कार्थेजवर आली. भविष्यातल्या पाणी आणि सांडपाणी व्यवस्थेसाठी गावाने घेतलेलं शुल्क बेकायदा ठरलं. पुढच्या वर्षी विधिमंडळाने असं शुल्क घ्यायची वाट करून दिली, पण त्याचा हिशोब कसा मांडायचा ते स्वतःच ठरवून. जुन्या नियमाप्रमाणे लगतच्या मालकांनी ठरावीक प्रमाणात लेखी हरकत घेतली, तर वापरबदलासाठी तीन-चतुर्थांश मतं लागत. तो नियम 2015मध्ये रद्द झाला. डिसेंबर 2024मध्ये तर राज्यपालांचा नकाराधिकार डावलून कायदा झाला, की मालकांच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही जमिनीवरची बांधकामाची मुभा गावाने कमी करायची नाही. म्हणजे एकदा दिलेली मंजुरी पुढचं मंडळ मागे घेऊ म्हणालं, तरी ते आता त्याच्या हातात नाही.

लोकशाहीचा देखावा यात भरपूर असतो, हेही सांगायला हवं. जाहीर सुनावणीच्या दिवशी दाराशी नावनोंदणीचा कागद असतो. ज्याला बोलायचं त्याने नाव लिहायचं, आळीपाळीने ध्वनिक्षेपकापाशी जायचं आणि ठरवून दिलेल्या दोन-तीन मिनिटांत आपलं म्हणणं आटपायचं. मंडळाने ऐकलंच पाहिजे असं आहे, उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. इथले लोक बोलायला कमी पडत नाहीत. कोर्टासमोर 1907पासून उभा असलेला कॉन्फेडरेट सैनिकाचा, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सैनिकाचा, पुतळा 2019मध्ये हलवायचा ठरला, तेव्हा महिनोन्‌महिने वाद पेटला होता. रस्त्यावर झेंडे फडकले, माणसं समोरासमोर आली, आणि नोव्हेंबरात पुतळा उतरला. तो वाद खरा होता. दक्षिणेकडच्या कुठल्याही गावाला गुलामगिरीचा हिशोब कधीतरी द्यावा लागतोच. मात्र पुतळा डोळ्यांना दिसतो तशी जमिनीखालची नळी दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलायला कोणी रस्त्यावर येत नाही. शिवाय हद्दीबाहेरच्या पट्ट्याचं कोडं वेगळंच. गावाचे बांधकाम-नियम हद्दीला लागून असलेल्या ठरावीक पट्ट्यालाही लागू होतात. तिथल्या रहिवाशांचा प्रतिनिधी नियोजन समितीवर बसतो, पण महापौर आणि आयुक्त निवडताना त्यांना मत नसतं.

यावर पहिली हरकत येते ती अशी: वाढ येणारच होती. एकसंध आराखडा नसता, तर शंभर छोटे बिल्डर शंभर तुकडे पाडून मोकळे झाले असते, ना बाग झाली असती ना सलग रस्ते. ही हरकत मी मान्य करतो. मॉरिसव्हिलकडे पाहणाऱ्याला वाढ थोपवता येईल असं वाटूच शकत नाही. पण मोठा एकच मालक समोर असणं ही गावासाठी संधीही होती. वाटाघाटीला एकच पक्ष आणि त्याला हवी असलेली एकच मोठी गोष्ट, ही स्थिती शंभर तुकड्यांत कधीच लाभली नसती. म्हणजे हाच मुद्दा अटी आधी घालण्याच्या बाजूने बोलतो.

दुसरी हरकत जास्त झोंबणारी आहे. विरोध करणारे बरेचसे स्वतःच दहा-वीस वर्षांपूर्वी बाहेरून आलेले, सुस्थितीतले लोक. आपण आलो, आता दार लावा, असा त्यांचा पवित्रा आहे असं म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असं मला म्हणवत नाही. नवी घरं अडवली की असलेल्या घरांच्या किमती चढतात आणि फटका बसतो तो शाळेतल्या मदतनीसाला, उपाहारगृहातल्या वाढप्याला. पण नुसती घरं वाढल्याने त्याची सोय आपोआप होत नाही. परवडणाऱ्या घरांची अट मूळ मंजुरीतच बांधून घेतली असती, तर या हरकतीतली हवा निघून गेली असती. ती मागे ठेवल्यामुळे ‘वाढ गरिबांसाठी’ म्हणणारे आणि ‘वाढ नको’ म्हणणारे दोघेही तोंडघशी पडले.

राहिला प्रश्न पाण्याचा. माझ्या मते इथेच सगळ्या प्रकरणाचा निकाल लागला. पिट्सबरो हॉ नदीचं पाणी पीत आलं आहे, आणि ही नदी वरच्या अंगाला ग्रीन्सबरो, बर्लिंग्टनसारख्या शहरांचं सांडपाणी पोटात घेऊन येते. 2019 आणि 2021मध्ये ग्रीन्सबरोच्या सांडपाण्यातून 1,4-डायॉक्सेन हे घातक रसायन नदीत आलं. ‘पीफास’ नावाने ओळखली जाणारी, सहसा न विघटणारी रसायनंही पाण्यात होती. गावकऱ्यांच्या रक्तात त्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या दोन ते चार पट असल्याचं ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं. पाणी शुद्ध करण्यासाठी गावाने 2022मध्ये सक्रिय कार्बनची नवी गाळण यंत्रणा बसवली. त्याच वेळी गावाच्या सांडपाणी प्रकल्पाची क्षमता होती दिवसाला साडेसात लाख गॅलन. चार हजारांच्या गावाला ती कशीबशी पुरणारी, साठ हजारांना पुरण्याचा प्रश्नच नव्हता. वसाहत मंजूर झाली होती, नळ्या नव्हत्या. आता अडचण बिल्डरइतकीच गावाचीही झाली होती, कारण मान्यता देऊन बसलेलं गाव ‘पाणी नाही’ म्हणत फार काळ बसू शकत नाही.

शेवटी तोड निघाली ती शेजारच्या काउंटीतल्या सॅनफर्ड शहराच्या मदतीने. सॅनफर्डपर्यंत सांडपाण्याची नळी टाकायची, सॅनफर्डच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या विस्तारात सहभागी व्हायचं आणि नंतर सगळी यंत्रणाच विलीन करायची, असं ठरलं. ही तोड वाईट नाही. छोट्या गावाला एकट्याने असा खर्च पेलला नसता, आणि मोठी यंत्रणा जास्त सक्षम असते हे खरंच आहे. एवढंच, की सॅनफर्डचं पाणी येतं केप फिअर नदीतून आणि ती नदी हॉ आणि डीप या दोन नद्यांच्या संगमातून बनते. म्हणजे वरच्या शहरांच्या घाणीपासून सुटका इथेही नाही.

1 जुलै 2024पासून पिट्सबरोची पाणीपुरवठा आणि सांडपाणी व्यवस्था सॅनफर्डच्या ‘ट्रायरिव्हर वॉटर’कडे गेली आहे. घरोघरच्या पाण्याचा दर आता सॅनफर्डची नगर परिषद ठरवते आणि त्या परिषदेच्या निवडणुकीत पिट्सबरोच्या रहिवाशाला मत नाही.