विरेचन आणि पारणे

भाद्रपदातील पर्वाचे दिवस संपून आश्विन उजाडला, म्हणजे आपल्या पेढ्यांवर पोट साफ करून घेण्याच्या गोष्टी निघू लागतात. दिवसभर गादीवरची बैठक, जेवणाच्या वेळी नेमके गिऱ्हाईक आणि सूर्यास्ताच्या आत घाईने उरकलेले भोजन, यांमुळे आम्लपित्त व मलावरोध व्यापाऱ्याच्या पाचवीलाच पुजलेले असतात. मग कोणी एरंडेल घेतो, कोणी जमालगोट्याची गोळी, आणि ‘विरेचन घेतले’ असे सांगतो. वस्तुतः तो नुसता रेच होय.

विरेचन हे पंचकर्मांपैकी पित्ताचे कर्म. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदाच्या उन्हाने खवळते, म्हणून वाग्भटाने ते काढण्यास कार्तिक मास सांगितला आहे. प्रथम तीन ते सात दिवस सकाळी चढत्या मात्रेने औषधी तूप प्यावयाचे, नंतर तीन दिवस अभ्यंग व स्वेदन, आणि मग निशोत्तर, बहावा, त्रिफळा, मनुका यांपैकी प्रकृतीस मानवेल ते औषध. वेग दहा झाले तर शुद्धी हीन, वीस झाले तर मध्यम, तीस झाले तर उत्तम, असे शास्त्र मोजते. शेवटी कफ पडला म्हणजे कर्म पूर्ण झाले असे समजतात. अर्थात वेग वाढवीत नेण्यात पुरुषार्थ नाही. कोठा कसा आहे हे वैद्याने आधी पाहावयाचे असते.

गतवर्षी आमच्या पेठेतील एका गृहस्थांनी अठाई केली. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर निर्विघ्न पार पडले. पारण्यानंतर तिसऱ्याच दिवशी, पोट हलके आहे तोवर एकदा धुऊन काढावे म्हणून, त्यांनी आपल्याच मनाने कडक रेचक घेतले. दुपारी घेरी येऊन ते गल्ल्याशेजारीच कोसळले. शरीरातील पाणी व क्षार इतके गेले होते की शिरेतून सलाईन द्यावे लागले. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात विरेचनास अयोग्य व्यक्तींची यादी आहे. तीत लंघन केलेला, दुर्बल आणि मंदाग्नी असलेला स्पष्टपणे आलेला आहे. ज्याने उपवास केला, त्याचा अग्नी आधी जपावयाचा असतो.

तो कसा जपावा, हे मात्र आपल्याला नवे नाही. विरेचनानंतरचा संसर्जनक्रम पाहावा: प्रथम पेज, मग घट्ट विलेपी, नंतर बिनफोडणीचे मुगाचे कढण, मग तूप-मीठ घातलेले कढण, आणि शेवटी नेहमीचे अन्न. उत्तम शुद्धीत हा क्रम सात दिवस चालतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया पारण्याला मुगाचे पाणी पुढे करतात, त्यामागे हीच दृष्टी आहे. पारण्याच्याच दिवशी मिठाईचे ताट वाढणाऱ्या यजमानांना हे कोणी सांगावे!

संहितेत या क्रमात मांसरसही आहे आणि काही अवलेहांत मध असतो. त्यावाचून चिकित्सा अडत नाही. नवव्या शतकातील उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ या ग्रंथात मद्य, मांस व मधु वर्ज्य करूनच वैद्यक मांडले. हा ग्रंथ १९४० मध्ये सोलापूरहून प्रसिद्ध झाला. वैद्याला आपला नियम आरंभीच सांगावा. मधुमेह, हृदय वा मूत्रपिंड यांचा विकार असेल, अथवा रोजची औषधे चालू असतील, तर आपल्या डॉक्टरांनाही विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. गर्भवतीने हे कर्म करूच नये.

सर्व मिळून दहा ते अठरा दिवस लागतात, आणि येथेच आपली गाडी अडते. सर्वांना ते एका रविवारात हवे असते. शिवाय मन कामादिकांनी व्यग्र असलेल्यासही चरकाने विरेचन वर्ज्य सांगितले आहे! आमच्या त्या गृहस्थांनी यंदा लाभपंचमीचा मुहूर्त साधल्यावर दुकानाच्या किल्ल्या मुलाकडे दिल्या आणि वैद्याच्या देखरेखीखाली तूप सुरू केले. रोजमेळ मात्र सायंकाळी घरी मागवून पाहतात, असे ऐकतो.