वेल माजलाय, पण भोपळा कुठाय?

परसात लाल भोपळा लावणं सोपं आहे असं सगळेच सांगतात, आणि ते निम्मंच खरं आहे. बी टाकलं की उगवतं. बघता बघता वेल कुंपण ओलांडून शेजाऱ्यांच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर जातो, फुलांनी पिवळाधमक होतो, आणि भोपळा मात्र एकही धरत नाही. सांगलीत आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात कोणीतरी फाटकाशी येऊन विचारतंच, "काका, वेल नुसता माजलाय हो. खत कमी पडलं का?" खत बहुतेक वेळा जास्तच झालेलं असतं. नत्राचा मारा झाला की वेल पानांवर जातो, फळाचं नाव घेत नाही. पण मुख्य दुखणं निराळंच असतं. सकाळी सात वाजता वेलापाशी कोणी होतं का, हा माझा उलट प्रश्न. माणूस किंवा माशी, दोघांपैकी कोणीही चालेल.

लागवडीचं एका दमात सांगून टाकतो. हातभर रुंद आणि तेवढंच खोल आळं, त्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत. तीन-चार बिया पेरभर खोल टोचायच्या आणि उगवल्यावर दोन जोमदार रोपं ठेवून बाकीची उपटायची. पावसाळी लागवड जून-जुलैत, उन्हाळी जानेवारी-फेब्रुवारीत. सहा-सात तास ऊन हवंच. दोन आळ्यांत दोनेक मीटर अंतर. कोवळ्या पानांची चाळण करणारे तांबडे भुंगेरे सकाळच्या गारव्यात सुस्त असतात, तेव्हाच वेचून मारावेत आणि पानांवर दव असतानाच राख धुरळावी. बाकीचं कुठल्याही कृषी दैनंदिनीत मिळेल. मला बोलायचंय ते फुलाबद्दल.

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. आधी येतात ती नर फुलं, लांब बारीक देठांवर ताठ उभी. पहिले काही दिवस नुसती हीच येतात आणि गळून जातात. बायका त्यांना वांझ फुलं म्हणतात आणि खुडून त्यांची भजी करतात. भजी मलाही आवडतात (डाळीच्या पिठात ओवा हवाच), पण चार फुलं वेलावर राहू द्यावीत, एवढी माझी विनंती असते. मादी फूल उशिरा येतं, आखूड देठाचं, पाकळ्यांच्या खाली सुपारीएवढा हिरवा भोपळा घेऊनच. तो पाहून घरात आनंदीआनंद होतो, आणि तीन-चार दिवसांत तो पिवळा पडून गळतो. मग कोणी बोट दाखवलं, कोणाची दृष्ट लागली, याचा शोध सुरू होतो. वास्तविक त्या सकाळी फुलात पुरेसे परागकण पोचलेले नसतात, इतकंच.

भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपार व्हायच्या आत कायमचं मिटतं. एक सकाळ, बस्स. परागकण आकाराने चांगलेच मोठे, एक दशांश मिलिमीटरहून मोठे. चिकट आणि काटेरीही, म्हणजे वाऱ्याने उडून जायची सोयच नाही. कोणीतरी अंगावर वाहून न्यायलाच हवेत. एक-दोन कणांनी भागत नाही, शेकड्यांनी लागतात. कमी पडले तर फळ गळतं, किंवा एका बाजूला फुगून दुसऱ्या बाजूला आक्रसतं. जुलैतल्या झडीत माश्या बाहेर पडत नाहीत, पराग भिजून वाया जातात, त्यामुळे त्या महिन्यातली मादी फुलं गेलीच म्हणून समजा. आणखी एक मौज. दिवस मोठा आणि उकाडा जास्त असला की नर फुलं वाढतात. दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागल्या की मादी फुलांचं प्रमाण सुधारतं. गणपतीनंतर वेल अचानक शहाणा झाल्यासारखा वाटतो तो यामुळे.

भोपळा मुळात आपला नव्हे. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात गिला नाकित्झ नावाच्या गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. आपल्याकडे तो आला कोलंबसानंतर. तिकडे त्याच्या फुलांसाठीच जगणाऱ्या खास माश्या आहेत. त्यांतले नर दुपारी मिटलेल्या फुलातच झोपून जातात. त्या माश्या इथे आल्या नाहीत. इथे त्यांचं काम सातेरी माश्या, फुलोरी माश्या आणि काळे भुंगे करतात. सातेरी पाहायची हौस म्हणून मी महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला जाऊन आलो. २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून ते जाहीर झालं. घरोघरी लाकडी पेट्या, आणि पेटीच्या फटीतून पराग माखलेल्या पायांनी आत शिरणाऱ्या माश्या. तिथून आल्यावर मला आमच्या गल्लीतली सकाळ फारच शांत वाटू लागली. फरशा घातलेली अंगणं आणि डासांची फवारणी, मग माश्या राहणार कुठे?

तेव्हा त्यांचं काम आपण करायचं. आदल्या संध्याकाळी वेलावर फिरावं. उद्या उमलायची कळी टोकाला पिवळी पडलेली असते, हिरवी कळी अजून कच्ची. सकाळी सात-साडेसातच्या आत ताजं नर फूल देठासकट तोडावं आणि त्याच्या पाकळ्या सोलून काढाव्यात. मध्ये उरते परागाने माखलेली पिवळी दांडी. मादी फुलाच्या मध्यभागी तीन जाडसर पाळ्या असतात, त्यांवरून ती हलक्या हाताने फिरवावी. तिन्ही पाळ्यांवर पिवळी भुकटी दिसली पाहिजे. एका मादी फुलाला दोन-तीन नर फुलं वापरावीत, कंजूषपणा नको. चार-पाच दिवसांत फळ फुगू लागलं आणि मान खाली घालू लागलं की जमलं. बी धरायचं असेल तर दोन्ही कळ्या आदल्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधाव्यात आणि परागण झाल्यावर मादी फूल पुन्हा बांधावं, म्हणजे दुसऱ्या वाणाचा पराग शिरत नाही. अजस्र भोपळे पिकवणारे परदेशी हौशी लोकही हेच करतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात हाफ मून बे इथे ट्रॅव्हिस गिंजर यांचा भोपळा सुमारे १,२४७ किलोंचा भरला. अशा भोपळ्यांच्या वंशावळ्या ठेवतात, आई अमुक, बाप तमुक. पत्रिका जुळवायचंच काय ते बाकी!

शेजारी दुधी लावला म्हणून भोपळा बिघडेल, ही भीती मात्र सोडून द्यावी. त्यांचा संकर होत नाही. दुधीचं फूल पांढरं. ते संध्याकाळी उमलतं आणि पतंग त्याच्यावर येतात. पहाटे उठणं ज्यांना जमत नाही त्यांनी खुशाल दुधी लावावा आणि चहानंतर परागण करावं. लेकीकडे जाऊन जाड होऊन येणारी गोष्टीतली म्हातारी या दुध्याच्याच कुळातल्या भोपळ्यात बसली असणार, असं माझं मत आहे, कारण लाल भोपळा आपल्याकडे फार उशिरा आला. तंबोऱ्याचा भोपळाही याच कुळातला, पण कडू. तो पंढरपूरच्या बाजूला पिकतो आणि वाळवून मिरजेला येतो. मिरजेत कारागिरांच्या गल्लीत हे भोपळे माळ्यावर टांगलेले असतात. कारागीर एकेक खाली घेतो, बोटाने टिचकी मारतो, कान लावतो आणि काही न बोलता परत ठेवून देतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला वाजवणाऱ्यांइतकाच तो पिकवणाऱ्यांचा मान वाटला.

असो. फळ धरलं की पुढचा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या सालीत अंडी घालते, आतून अळ्या पडतात आणि फळ सडतं. बोट दाखवल्याने कुजलेली फळं बरीचशी हिच्या खात्यावर जमा होतात. परागण झालेल्या फळाला लगेच कागदाची किंवा जुन्या धोतराची पिशवी बांधावी. गंधसापळा घेताना क्यू ल्यूरच मागावा. एका दुकानदाराने मला ठामपणे मिथाइल युजेनॉलची वडी दिली होती. ती आंब्यावरच्या फळमाशीसाठी चांगली, वेलावरची माशी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. सडलेलं फळ खतखड्ड्यात टाकू नये. अळी मातीत शिरून कोष करते आणि माशी होऊन परत येते. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ते उन्हात ठेवावं. जागा कमी असेल तर बंगळूरच्या संस्थेचा अर्का सूर्यमुखी हा वाण लावून बघावा. फळं साधारण किलोभराची, चपटी, चौकोनी कुटुंबाला एका वेळची, आणि फळमाशीलाही बऱ्यापैकी दाद न देणारी.

पेरल्यापासून साधारण साडेतीन-चार महिन्यांनी देठ सुकून करडा होतो आणि सालीत नख रुतत नाही. तेव्हा चार बोटं देठ ठेवून भोपळा कापावा. देठ मोडला तर तिथूनच सडायला लागतो. हवेशीर कोपऱ्यात, जमिनीला न टेकवता ठेवला तर महिनोन्‌महिने टिकतो, आणि ठेवल्यावर गोडीही वाढते. म्हणून घारग्यांना मी कधी ताजा भोपळा घेऊ देत नाही. सध्या घरात शिंकाळ्यात दोन आहेत, संक्रांतीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असं बजावून ठेवलंय. उन्हाळी वेलाची आळी मात्र फराळाचे डबे रिकामे होईस्तोवर खणून ठेवावीत, म्हणजे शेणखत मुरायला जानेवारीपर्यंत सवड मिळते.