काउंटरमागची पाटी

पाट्यांचे आपल्याला वावडे नाही. चौकाचौकांतल्या पाट्या आपण वाचतो, हसतो आणि पुढे जातो. हॉटेलच्या काउंटरमागची पाटी मात्र आपण निमूटपणे मान्य करतो. ‘चेक-आउट दुपारी 12 वाजता’, ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’, ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत’ असे काचेत मढवून लावले की तो कायदाच झाला, असे आपण धरून चालतो. ग्राहकांच्या तक्रारी ऐकताना हे मला वारंवार जाणवते.

खरे पाहता या पाटीवर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच रंगात लिहिलेल्या असतात. पहिली, कायद्याने हॉटेलवर टाकलेली बंधने. उदाहरणार्थ, परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवणे. तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. दुसरी, आपल्यातला आणि हॉटेलातला करार. चेक-आउटची वेळ किंवा खोली रद्द केल्यास किती पैसे कापायचे, हे या प्रकारात येते. ते आपल्याला आधी सांगितलेले असेल आणि आपण मान्य केले असेल, तर सहसा पाळावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे हॉटेलने स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेले वाक्य. ते मोठ्या अक्षरांत असले, तरी प्रत्येक वेळी टिकतेच असे नाही.

वाहनाचेच उदाहरण घेऊ. 1998 साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात एका पाहुण्याने आपली मोटार किल्लीसह हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिली. परत आला तो मोटार चोरीला गेलेली! वाहन मालकाच्या जोखमीवर असल्याचे पावतीवर छापले आहे, असे हॉटेलचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 14 नोव्हेंबर 2019 रोजी निकाल पाहुण्याच्या बाजूने लागला. किल्ली ताब्यात घेतली की वाहन सांभाळण्याची जबाबदारीही येते. वाजवी काळजी घेतली होती, हे हॉटेलने दाखवून द्यायचे. स्वतःच्या निष्काळजीपणावर छापील वाक्याचे पांघरूण घालता येत नाही. मात्र हे किल्ली हॉटेलच्या हाती दिली होती म्हणून, हे विसरू नका.

आता दुसरी बाजूही ऐका. पाण्याच्या बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा हॉटेलने जास्त पैसे घेतले की आपण रागावतो. पण 12 डिसेंबर 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना त्याची मुभा दिली. हॉटेल नुसती बाटली विकत नाही. बसायला जागा आणि सेवाही देते, असा त्यामागचा विचार. तेव्हा किंमत आधी विचारावी, हेच बरे.

सेवा शुल्काचे मात्र तसे नाही. ग्राहकाला न विचारता ते बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सांगितले. हॉटेलचालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. 28 मार्च 2025 रोजी न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली. त्यावर संघटनांनी अपील केले आहे. जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो. सेवा शुल्क हा कर नव्हे. बिलात दोन्ही ओळी शेजारी शेजारी असल्या, तरी हा फरक ओळखायला हवा.

मग आपण करायचे काय? खोली ठरवतानाच दोन प्रश्न विचारा. रद्द केल्यास किती पैसे परत मिळणार? आणि सकाळी लवकर पोहोचलो तर खोली मिळेल का? उत्तर फोनवर न घेता लेखी घ्या, साधा संदेशही चालेल. लांबच्या प्रवासाने थकून आलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना तीन-चार तास बाकड्यावर बसवायची वेळ या एका प्रश्नाने टळते. वाहन दिल्याचे टोकन जपा. बिल मागून घ्या. ते नाकारणे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित प्रथा ठरते. काउंटरवर वाद मिटला नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आणि हे सारे आवाज न चढवता करा. समोरच्या मुलाने ती पाटी लिहिलेली नसते. व्यवस्थापकाला भेटून ‘हा नियम मला आधी कळवला होता का?’ एवढे शांतपणे विचारले, तरी पुष्कळदा मार्ग निघतो.