चोर पकडा, पण गल्ली बंद करू नका

चित्रपट तयार करायला निर्मात्याचे कोट्यवधी रुपये आणि शेकडो कलावंत-कामगारांची महिनोन्‌महिने मेहनत लागते. त्याची चोरटी प्रत मात्र एका रात्रीत घराघरांत पोहोचते. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ची प्रत प्रदर्शनाच्या दोन दिवस आधीच इंटरनेटवर आली होती. ही सरळसरळ चोरी आहे आणि चोराला शिक्षा व्हायलाच हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. चोराला रोखण्याच्या नावाखाली ज्याने काहीच चोरले नाही, त्याच्या तोंडावर दार का लावायचे?

निरपराध्याला शिक्षा

भिलाईतील रिसालीचेच उदाहरण घ्या. पोलाद कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे भिलाईत स्थिरावली. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी घराला जुने मराठी पुस्तक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या वेबसाइटवर मात्र अशी कितीतरी पुस्तके विनामूल्य वाचता येतात. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकाचा कॉपीराइट संपतो. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये वारले. त्यांची कादंबरी इंटरनेटवर वाचणे ही चोरी नव्हे.

तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये हे ग्रंथालय भारतात अचानक बंद झाले. ‘जब हॅरी मेट सेजल’ आणि ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ या दोन चित्रपटांच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून आदेश मिळवले होते. बंद करायच्या वेबसाइटांच्या यादीत अडीच हजारांहून अधिक नावे होती आणि त्यांत हेही नाव होते. चित्रपट चोरणारा कोणी भलताच आणि पुस्तकाला मुकला वाचक!

असे घडण्याची ती पहिली वेळ नव्हती. मे २०१२ मध्ये ‘थ्री’ या तमिळ चित्रपटाच्या आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी ‘व्हिमिओ’सारख्या आख्ख्या वेबसाइट बंद केल्या. अनेक होतकरू कलावंत स्वतःचे लघुपट तिथेच दाखवत असत. मुंबईसह काही शहरांत तरुणांनी मुखवटे घालून निदर्शने केली. अखेर जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला, की आदेश फक्त चोरीच्या नेमक्या लिंकपुरता आहे, संपूर्ण वेबसाइटसाठी नाही.

मुंबईने दाखवलेली वाट

अशा आदेशांना वकील मंडळी ‘जॉन डो’ किंवा ‘अशोककुमार’ आदेश म्हणतात. चोराचे नाव ठाऊक नसते, म्हणून कल्पित नावाच्या माणसाविरुद्ध दावा लावला जातो. साहजिकच त्याची बाजू मांडायला न्यायालयात कोणीच उभे नसते. निर्मात्याने यादी द्यायची आणि कंपन्यांनी डोळे मिटून कुलपे लावायची, असा प्रकार होऊ लागतो तो यामुळेच.

मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात याला लगाम घातला. एखाद्या वेबसाइटवर सगळाच मजकूर चोरीचा आहे हे दाखवल्याशिवाय ती संपूर्ण बंद करणार नाही, असे त्यांनी बजावले. निर्मात्याने एकेक लिंक तपासावी आणि तिची शपथेवर खात्री द्यावी, असा दंडक घातला. बंद पानावर आदेशाची माहिती हवी, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याला न्यायालयाचे दार ठोठावता येईल, असेही सांगितले. एवढी काळजी घेऊनही निर्मात्याला संरक्षण मिळालेच. म्हणजे चोरी रोखणे आणि स्वातंत्र्य जपणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात.

अमेरिकेतही हाच वाद पेटला होता. तिथल्या संसदेत ‘सोपा’ नावाचे पायरसीविरोधी विधेयक आले, तेव्हा १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने निषेध म्हणून २४ तास आपली पाने झाकली. लाखो नागरिकांनी विरोध नोंदवला आणि दोनच दिवसांत विधेयक बाजूला ठेवावे लागले.

सोय हवी, पण लगामही हवा

आपल्याकडे २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटाच्या चोरीला किमान ३ महिने आणि कमाल ३ वर्षे कैद, शिवाय किमान ३ लाख रुपये दंड ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने खास अधिकारी नेमले. न्यायालयाची पायरी न चढता निर्मात्याला त्यांच्याकडे तक्रार करता येते आणि ४८ तासांच्या आत चोरीचा मजकूर हटवला जाऊ शकतो. छोट्या निर्मात्याला वकिलाची फी परवडत नाही. त्याच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

परंतु जिथे न्यायाधीश नसतो, तिथे चूक झाल्यास दाद कुणाकडे मागायची? म्हणूनच बंदी नेमक्या लिंकवर असावी, तिचे कारण जाहीर व्हावे, खोट्या तक्रारीची जबाबदारी तक्रारदारावर पडावी आणि चुकून बंद झालेले पान तितक्याच तातडीने उघडावे, एवढी मागणी नागरिकांनी केलीच पाहिजे.

अर्थात, नागरिकांनीही स्वतःच्या घरात डोकावून पाहायला हवे. चोरटा चित्रपट मोबाइलवर एकमेकांना पाठवायचा आणि मग स्वातंत्र्याच्या गप्पा मारायच्या, हे शोभत नाही. तिकिटाचे पैसे प्रामाणिकपणे मोजणाऱ्याच्या शब्दालाच वजन असते. पैसे मोजून चित्रपट पाहा, आणि वाचनाचे दार कुणी विनाकारण बंद केले तर गप्प बसू नका.