घरच्या घरी गेम सर्व्हर: दार आपलं, चावीही आपल्याच हातात

"अब्बू, मला सर्व्हर पाहिजे."

शाळेत जाणारं पोर घरात असेल तर हे वाक्य आज ना उद्या कानावर पडणारच. बापाला वाटतं, पोरगा काहीतरी महागडं यंत्र मागतोय. अम्मीला वाटतं, मोबाइलचा वेळ आता आणखी वाढणार. दोघंही "नको" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो, निदान मोठ्यांसाठी तरी. पोरगा मात्र खेळायचं थांबवत नाही. तो एखाद्या सार्वजनिक सर्व्हरवर जातो. तिथे एका वेळी शेकडो अनोळखी माणसं असतात. कोण किती वयाचा, कुठल्या देशातला, चॅटमध्ये काय बोलतोय, यातलं घरात कुणालाच माहीत नसतं.

म्हणून ही मागणी एकदा नीट समजून घ्या. घरचा गेम सर्व्हर म्हणजे जुन्या लॅपटॉपवर चालणारी एक सोय आहे. तिच्यात कोण येणार, कधी येणार आणि काय करणार, हे घरातले मोठे ठरवू शकतात. पण अर्धवट माहितीवर उभा केला तर तोच सर्व्हर घराच्या इंटरनेटला पडलेलं भगदाड ठरतो. दोन्ही बाजू समजाव्यात म्हणून उदाहरण घेऊया माइनक्राफ्टचं, कारण पोरांची मागणी बहुतेक वेळा याच खेळासाठी असते.

सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

माइनक्राफ्ट हा स्वीडनमध्ये तयार झालेला खेळ. २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. चौकोनी ठोकळ्यांच्या जगात खाणकाम करायचं, घरं बांधायची, शेती करायची, असा हा खेळ. दोन-चार जणांना एकाच जगात खेळायचं असेल तर ते जग कुठेतरी साठवावं लागतं. कुणी कुठला ठोकळा काढला, कुणी कुठे भिंत बांधली, याचा हिशेब एका ठिकाणी राहावा लागतो. तो हिशेब ठेवणारा संगणक म्हणजे सर्व्हर.

एकाच वायफायवर बसलेली भावंडं वेगळ्या सर्व्हरशिवायही एकत्र खेळू शकतात. पण ज्याने जग उघडलं तो उठून गेला की सगळ्यांचा खेळ बंद. सर्व्हर स्वतंत्र असेल तर असं होत नाही. एक भाऊ रत्नागिरीत, मामूंचा मुलगा मुंब्र्यात आणि चाचांची मुलगी कुवेतमध्ये असली तरी तिघांना एकच जग मिळतं. सुट्टीत ईदला भेटणारी ही पोरं वर्षभर मिळून एक गाव बांधू शकतात.

आधी एक प्रश्न: सगळ्यांकडे कोणता गेम आहे?

माइनक्राफ्टचे दोन प्रकार आहेत. संगणकावर चालणारी जावा आवृत्ती, आणि मोबाइल, टॅबलेट, गेम कन्सोल व विंडोजवर चालणारी बेडरॉक आवृत्ती. हे दोन प्रकार थेट एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्याकडे बरीच पोरं मोबाइलवर खेळतात, म्हणजे त्यांच्याकडे बेडरॉक असतं. तेव्हा आधी सगळ्या भावंडांना विचारा. सगळे मोबाइलवाले असतील तर बेडरॉकचा सर्व्हर लावा. सगळे संगणकवाले असतील तर जावाचा. दोन्हीकडचे असतील तर जावा सर्व्हरवर 'गायझर' नावाची जोड बसवून मोबाइलवाल्यांनाही आत घेता येतं, पण ते काम पहिल्याच दिवशी नको.

सर्व्हरची फाइल माइनक्राफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळते. गेम मात्र प्रत्येक खेळाडूला विकत घ्यावा लागतो. चोरीची प्रत वापरण्यात काय अडचण आहे ते पुढे येईलच.

कोणता संगणक चालेल?

माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉप बहुतेक वेळा पुरतो. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर चार-पाच मुलं आरामात खेळतात. या सर्व्हरचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. म्हणून खूप कोअर असलेल्या मशीनपेक्षा जलद कोअर असलेलं मशीन बरं. जमल्यास लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. वायफायवर खेळ अडखळतो आणि मग दोष सर्व्हरला दिला जातो.

लॅपटॉपचा आणखी एक फायदा म्हणजे बॅटरी. वीज गेली तरी मशीन लगेच बंद पडत नाही. सर्व्हर अचानक बंद झाला तर शेवटी केलेलं काम जातं, कधी कधी जगाची फाइलच बिघडते. राउटरला छोटा यूपीएस लावला तर उत्तम.

वीजबिलाची काळजी असेल तर हिशेब सोपा आहे. लॅपटॉप सरासरी ३० वॉट खात असेल आणि रोज ३ तास चालत असेल, तर महिन्याला २.७ युनिट होतात. चोवीस तास चालू ठेवला तर साधारण २२ युनिट. रात्रभर चालू ठेवायची गरजच नाही, आणि पोरांच्या झोपेसाठीही ते बरं.

लावायचं कसं?

जावा आवृत्तीची पद्धत अशी.

१. लॅपटॉपवर जावा बसवा. गेम जितका नवा तितकं जावाही नवं लागतं. गेमच्या १.१८ आवृत्तीला जावा १७ लागायचं, १.२०.५ ला जावा २१ लागायचं. जावा जुनं असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. बरेच जण इथेच अडकतात.

२. नवं फोल्डर करून त्यात सर्व्हरची फाइल ठेवा आणि एकदा चालवा. ती लगेच बंद पडेल. घाबरू नका, ते अपेक्षितच आहे. फोल्डरमध्ये 'युला' नावाची छोटी मजकूर फाइल तयार झालेली दिसेल. ही वापराच्या अटींची फाइल. अटी वाचा, मान्य असतील तर 'फॉल्स' शब्दाच्या जागी 'ट्रू' लिहा.

३. पुन्हा चालवा. चालवताना सर्व्हरला किती रॅम द्यायची तेही सांगता येतं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर २ ते ३ जीबी पुरे. सगळी रॅम देऊन टाकली तर विंडोजच गुदमरतं.

४. विंडोजची फायरवॉल परवानगी विचारेल. घरच्या म्हणजे खासगी नेटवर्कसाठी ती द्या.

५. लॅपटॉप झोपी जाऊ नये म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा.

६. घरातल्या दुसऱ्या संगणकावर गेम उघडा, मल्टिप्लेअरमध्ये जा आणि लॅपटॉपचा घरातला आयपी पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. जगात शिरता आलं की पहिला टप्पा झाला.

बेडरॉकचा सर्व्हर लावणं याहून सोपं. त्याला जावा लागत नाही. फाइल उघडून चालवली की झालं.

बंद करताना खिडकीच्या फुलीवर क्लिक करू नका. सर्व्हरच्या काळ्या खिडकीत 'स्टॉप' असं टाइप करा, म्हणजे जग नीट साठवलं जातं.

खरी चावी: व्हाइटलिस्ट

सर्व्हरच्या फोल्डरमध्ये 'सर्व्हर प्रॉपर्टीज' नावाची फाइल असते. तिच्यात अनेक ओळी आहेत. पालकांनी त्यातल्या दोन स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात.

पहिली ओळ व्हाइटलिस्टची. ती 'ट्रू' केली की ज्यांची नावं तुम्ही यादीत घातली तेवढेच खेळाडू आत येतात. बाकीच्यांना पत्ता माहीत असला तरी दार बंद. बेडरॉकमध्ये याच यादीला अलाउलिस्ट म्हणतात. नवीन सर्व्हरवर ही सोय सुरुवातीला बंदच असते, ती आपल्यालाच चालू करावी लागते. "दोस्ताच्या दोस्ताला पण घेऊ दे ना" असा आग्रह होईलच. तेव्हा नियम साधा ठेवा: ज्याच्या आईबापाला आपण ओळखतो, त्याचंच नाव यादीत.

दुसरी ओळ 'ऑनलाइन मोड'ची. ती 'ट्रू' असते आणि तशीच राहू द्यावी. आत येणारा खेळाडू खरोखर त्याच नावाच्या खात्याचा मालक आहे का, हे त्यामुळे तपासलं जातं. चोरीचा गेम चालावा म्हणून पोरं जावा सर्व्हरवर हीच ओळ 'फॉल्स' करतात. मग कुणीही तुमच्या मुलाचं नाव घेऊन आत शिरू शकतो, आणि व्हाइटलिस्ट असून नसल्यासारखी होते. चोरीची प्रत वापरण्यातला मोठा धोका हाच.

सर्व्हरचे सगळे अधिकार, म्हणजे 'ऑपरेटर'पद, घरातल्या मोठ्या माणसाकडे किंवा समजूतदार थोरल्या भावंडाकडे ठेवा. सगळ्यांनाच ते दिलं की पहिल्या भांडणात कुणाचं तरी घर उडतं आणि मग फोनाफोनी दोन कुटुंबांत होते.

बाहेरगावच्या भावंडांना आत कसं घ्यायचं?

घरातल्या घरात खेळताना इंटरनेटवर काहीच उघडं पडत नाही. प्रश्न येतो तो मुंब्रा आणि कुवेतला जोडताना.

यूट्यूबवर सर्रास सांगितला जाणारा मार्ग म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. राउटरमध्ये जाऊन जावासाठी २५५६५ किंवा बेडरॉकसाठी १९१३२ क्रमांकाचं दार उघडायचं आणि बाहेरून येणाऱ्याला लॅपटॉपकडे पाठवायचं. पण आपल्याकडे अनेक घरांत हे जमतच नाही. इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा पत्ता वेगळा असेल, तर तुमच्याकडे हीच पद्धत आहे असं समजा. अशा वेळी रात्रभर राउटरशी झटापट करून उपयोग नाही. स्वतंत्र पत्ता हवा असेल तर कंपनीला विचारावं लागतं, बहुधा वेगळे पैसे भरावे लागतात.

जमलं तरी हे दार साऱ्या जगासमोर उघडं असतं, हे विसरू नका. इंटरनेटवर उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरशेल' नावाची त्रुटी उघडकीस आली. जावामध्ये लिहिलेल्या असंख्य प्रोग्राममध्ये ती होती, माइनक्राफ्टमध्येही होती. चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाकली की समोरच्या सर्व्हरवर ताबा मिळवता येत होता. दुरुस्ती लगेच १.१८.१ आवृत्तीत आली. जुनी आवृत्ती तशीच चालवणारे मात्र उघड्यावर राहिले. ज्या लॅपटॉपवर घरच्यांचे फोटो, आधारची कागदपत्रं आणि बँकेचे पासवर्ड आहेत, त्यावर सर्व्हर चालवू नये, तो यासाठीच.

घरगुती वापराला जास्त बरा मार्ग खासगी नेटवर्कचा. टेलस्केल किंवा झीरोटियर यांसारखं ॲप सर्व्हरच्या लॅपटॉपवर आणि प्रत्येक भावंडाच्या फोनवर किंवा संगणकावर बसवायचं. मग ही उपकरणं एकाच घरात असल्यासारखी एकमेकांना दिसतात. राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही, सीजीनॅटची अडचण बहुधा उरत नाही, आणि बाहेरच्याला सर्व्हर दिसत नाही. दोन्हींच्या मोफत योजना घरगुती वापराला चालतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा: हे व्हीपीएनच्याच प्रकारातलं तंत्र आहे, आणि आखातातल्या काही देशांत व्हीपीएनबाबत नियम कडक आहेत. तिथल्या नातेवाइकांनी आधी तिथले नियम पाहावेत, मगच ॲप घ्यावं.

मुलाचं खातं मायक्रोसॉफ्टमध्ये 'मूल' म्हणून नोंदलेलं असेल तर इतरांसोबत खेळण्याची परवानगी पालकाने आपल्या खात्यातून द्यावी लागते. सगळं बरोबर असूनही आत शिरता येत नसेल तर आधी हे तपासा.

सर्व्हर लागला, आता घराचे नियम

आठवड्यातून एकदा सर्व्हर बंद करून 'वर्ल्ड' नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. सहा महिने बांधलेलं गाव एका रात्रीत गेलं की पोरं खरंच रडतात. ही प्रत असेल तर पुन्हा उभं करायला दहा मिनिटं लागतात. गेमची सुरक्षेची नवी आवृत्ती आली की सर्व्हरही त्याच दिवशी बदला.

जावा सर्व्हरवर चॅटमध्ये लिहिलेलं 'लॉग्स' फोल्डरमध्ये साठतं, पालकांना ते वाचता येतं. पण हे मुलांपासून लपवू नका. "इथे लिहिलेलं आम्ही बघू शकतो" असं पहिल्याच दिवशी सगळ्या भावंडांना सांगा. चोरून वाचलं तर विश्वास जातो, आणि मग पोरं दुसऱ्या ॲपवर बोलायला लागतात, जिथे तुमची यादीही नाही आणि चावीही नाही.

वेळ ठरवा. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. आपल्याकडे रात्रीचे ८ वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेपाच. शनिवार-रविवारी ८ ते ९:३० ही वेळ दोन्हीकडच्या पोरांना जमू शकते. परीक्षेच्या महिन्यात सर्व्हर बंद, हेही आधीच ठरवून घ्या. सर्व्हर आपल्याकडे असल्यामुळे साडेनऊला "स्टॉप" टाइप केलं की खेळ सगळ्यांचाच थांबतो, "फक्त मलाच उठवता" ही तक्रार उरत नाही.

आणि हे काम मुलासाठी करून देऊ नका, मुलासोबत बसून करा. आयपी पत्ता काय, पोर्ट काय, बॅकअप का घ्यायचा, हे त्याला याच निमित्ताने कळेल. पुढच्या रविवारी माळ्यावरचा लॅपटॉप काढा आणि आधी फक्त घरातल्या घरात चालवून बघा. दोन आठवडे नीट चालला की मग मामूंना फोन करा.