मोटारीचा कॅमशाफ्ट बदलावा का?

मोटारीची भारी हौस असलेला एखादा दादा किंवा काका तुमच्या घरी नाही तर शेजारी असेलच. गाडी अधिक जोरात पळावी म्हणून तो कधी तरी म्हणतो, "एंजिनाचा कॅमशाफ्ट बदलून घेतो." या कामात पैसा बराच जातो, एंजिन खोलावे लागते आणि बेत चुकला तर चांगले एंजिन निकामी होऊ शकते. मग हा खर्च करावा की नाही? याचे उत्तर शोधायला तुमच्या वर्गातले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

पेट्रोल एंजिन चार धावांत काम करते. पहिल्या धावेत दट्ट्या खाली जातो आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते. दुसऱ्या धावेत ते दाबले जाते. तिसऱ्या धावेत ठिणगीने पेटून ते दट्ट्याला खाली ढकलते. चौथ्या धावेत जळलेले वायू बाहेर जातात. वायूंच्या या ये-जा करण्यासाठी प्रत्येक सिलिंडरला निदान दोन झडपा असतात. त्या केव्हा आणि किती उघडायच्या हे कॅमशाफ्ट ठरवतो. हा एक धातूचा दांडा असून त्यावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. उंचवटा आला की झडप उघडते, तो सरकला की स्प्रिंग तिला मिटवते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक फेरी होते.

आता थोडे गणित करू. एका एंजिनात आत घेणारी झडप दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या १० अंश आधी उघडते आणि तो तळाला पोहोचल्यानंतर ५० अंशांनी मिटते असे समजा. म्हणजे ती क्रँकशाफ्टच्या १० + १८० + ५० = २४० अंशांपर्यंत उघडी राहते. मिनिटाला १५०० फेऱ्या असताना एक फेरी ४० मिलिसेकंदांत होते, म्हणून झडप सुमारे २७ मिलिसेकंद उघडी असते. ६००० फेऱ्यांना हीच वेळ जेमतेम ६.७ मिलिसेकंद उरते. इतक्या थोड्या वेळात सिलिंडर पुरा भरत नाही. शर्यतीचा कॅमशाफ्ट हीच अडचण दूर करतो. त्याचा उंचवटा रुंद असतो. समजा, त्याने झडप ३० अंश आधी उघडली आणि ७० अंश उशिरा मिटली, तर एकूण २८० अंश मिळतात.

पण दट्ट्या वर येऊ लागल्यावरही झडप उघडी का ठेवायची? डोंबिवली स्थानकावरची सकाळची लोकल आठवा. डब्याच्या दाराशी आत शिरणाऱ्यांचा लोंढा जोरात असतो. पुढचा थांबू म्हणाला तरी मागच्यांच्या रेट्याने तो आत जातोच. वेगात येणाऱ्या हवेचेही असेच आहे. हवेला वस्तुमान असते, म्हणून वेगात असताना तिला संवेगही असतो. दट्ट्या उलटा फिरला तरी हवा काही काळ आत शिरत राहते. परंतु एंजिन सावकाश फिरत असेल तर हवेला तेवढा संवेग नसतो. ७० अंशांपर्यंत दट्ट्या आपल्या धावेचा जवळजवळ पाव भाग वर चढलेला असतो. तोवर झडप उघडी असल्याने आत आलेले मिश्रण तो परत बाहेर ढकलतो. गर्दी नसलेल्या डब्यातून उतरणाऱ्यांनी चढणाऱ्यांना मागे लोटावे तसा हा प्रकार होतो.

म्हणजे कॅमशाफ्ट नवी शक्ती निर्माण करीत नाही. एंजिन कोणत्या वेगाला उत्तम श्वास घेईल तेवढे तो ठरवतो. एक काल्पनिक एंजिन घेऊ. फिरवणाऱ्या जोराला टॉर्क म्हणतात आणि शक्ती = टॉर्क × कोनीय वेग. मूळ कॅमशाफ्टने २००० फेऱ्यांना टॉर्क ८० न्यूटन-मीटर मिळतो. येथे कोनीय वेग सेकंदाला सुमारे २०९ रेडियन आहे, म्हणून शक्ती सुमारे १६.७ किलोवॅट. ६००० फेऱ्यांना टॉर्क ६० असेल तर शक्ती ३७.७ किलोवॅट. नव्या कॅमशाफ्टने ६००० फेऱ्यांना टॉर्क ७२ झाला की शक्ती ४५.२ किलोवॅटवर जाते. जाहिरातीत हाच आकडा दिसतो. पण २००० फेऱ्यांना टॉर्क ६८ वर उतरला तर तेथे शक्ती १४.२ किलोवॅटच राहते. वर २० टक्के मिळाले, खाली १५ टक्के गेले.

आता प्रश्न असा की आपली गाडी कोठे चालते? ठाण्याहून शिळफाट्यामार्गे कल्याणला जाताना किंवा घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी एंजिन बहुतेक वेळ १००० ते २५०० फेऱ्यांत असते. नेमका तेथेच तोटा होतो. गाडी उभी असताना एंजिन थरथरते, पेट्रोल अधिक लागते आणि दोन्ही झडपा एकाच वेळी जास्त काळ उघड्या राहिल्याने न जळलेले पेट्रोल धुराड्यातून निसटू शकते. प्रदूषण तपासणीत ते आड येते. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर वेगाच्या शर्यती झाल्या आहेत. तशा ठिकाणी एंजिन सतत वरच्या फेऱ्यांत राहते, म्हणून तेथे हाच कॅमशाफ्ट शोभतो.

दुसरी बाब झडपांच्या जडत्वाची. कॅमचा आकार तोच असला तरी झडपेचा त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या ५००० वरून ६००० केल्या तर तो १.४४ पट होतो. स्प्रिंग कमजोर असेल तर झडप कॅमच्या मागे वेळेवर येत नाही आणि काही एंजिनांत दट्ट्या तिच्यावर आदळतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची १०८९ घनसेंटिमीटरची पद्मिनी आठवा; मुंबईत ती २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावत होती. तिचा कॅमशाफ्ट खाली एंजिनाच्या ठोकळ्यात असे आणि तो लांब काड्यांमार्फत झडपा हलवी. त्या काड्यांचे वजनही झडपेबरोबर खालीवर होई. याच कंपनीच्या कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ तयार होत असे. तिचा कॅमशाफ्ट वर, झडपांजवळ होता. त्यामुळे हलणारे वजन घटते आणि एंजिनाला अधिक फेऱ्या सोसतात.

आजच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट असते. पेट्रोल किती सोडायचे हे संगणक मूळ कॅमशाफ्ट गृहीत धरून ठरवतो, म्हणून कॅमशाफ्ट बदलला की त्यातली आकडेवारीही बदलावी लागते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही. होंडा कंपनीने १९८९ मध्ये एक निराळाच मार्ग बाजारात आणला. एकाच दांड्यावर कमी वेगासाठी एक व जास्त वेगासाठी दुसरा असे दोन प्रकारचे उंचवटे ठेवायचे आणि तेलाच्या दाबाने एकावरून दुसऱ्यावर जायचे. असे एंजिन असेल तर दोन्हींचा लाभ मूळ गाडीतच मिळालेला असतो.

तेव्हा दादाला सांगा, आठ दिवस फेऱ्यांच्या काट्यावर लक्ष ठेव आणि काटा ४५०० च्या वर किती वेळ राहतो ते लिही. रोजच्या रस्त्यावर तो क्वचितच वर जात असेल तर कॅमशाफ्ट बदलू नये. ते पैसे टायर, ब्रेक आणि वेळेवरची देखभाल यांवर खर्च करावेत. गाडी केवळ शर्यतीच्या मैदानासाठी असेल तर स्प्रिंगा, धुराड्याची नळी आणि संगणकाची जुळणी यांसह सगळे एकत्र करावे.

तुम्ही मात्र पुठ्ठ्याचे दोन कॅम कापा, एक अरुंद उंचवट्याचा, दुसरा रुंद. मध्ये टाचणी टोचून ते १०-१० अंशांनी फिरवा, वर टेकवलेली पट्टी किती उचलली जाते ते मोजा आणि आलेख काढा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले की झडप किती अंशांपर्यंत उघडी राहते यातला फरक तुम्हांला स्पष्ट दिसेल.