बाजरीचे पीठ कडू का होते?

भडगावातल्या पिठाच्या गिरणीवर थोडा वेळ थांबले, तर गव्हाचे डबे मोठे आणि बाजरीचे लहान दिसतात. गहू महिन्याचा दळला जातो, बाजरी आठ दिवसांची. कारण विचारले की घरोघरी उत्तर एकच: "पीठ कडू होतं." पण हीच बाजरी कोठीत कित्येक महिने चांगली राहते. मग दळताना असे काय घडते?

याचे मूळ दाण्याच्या अंकुरात आहे. गव्हाच्या दाण्यात अंकुर वजनाने जेमतेम २ ते ३ टक्के असतो. बाजरीचा दाणा एवढासा, पण त्यातला अंकुर १६ टक्क्यांच्या आसपास! धान्यातले तेल मुख्यतः अंकुरात असते. म्हणून बाजरीत स्निग्धांश सुमारे ५ टक्के, तर गव्हात दीड ते दोन टक्केच. थंडीत बाजरी हवीशी वाटते, त्यामागे हेही एक कारण असावे असे आम्हाला वाटते.

दाण्यात लायपेज नावाचे विकरही असते. दाणा सबंध असेपर्यंत तेल आणि विकर यांची फारशी गाठ पडत नाही. गिरणीत दोन्ही एकत्र होतात, पीठ तापते, त्यात हवा शिरते. लायपेज तेलाचे तुकडे करून मेदाम्ले मोकळी करते. त्यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला की कडवटपणा आणि खवट वास येतो. वासाचा थोडा दोष दाण्याला राखी रंग देणाऱ्या द्रव्यांकडेही जातो. पावसाळी दमट हवेत हे सारे लवकर होते. शिवाय जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते, ते वेगळेच.

दुकानात गव्हाच्या पिठाची पिशवी टिकते, बाजरीची टिकत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, पण दर आठवड्याला दळण घेऊन जाणाऱ्या बाईची खेप त्याने वाचली नाही.

विकर हे प्रथिन आहे आणि उष्णतेने ते निकामी होते. वर्गात हे करून पाहता येईल. निम्मी बाजरी फडक्यात बांधून अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवा, उन्हात खडखडीत वाळवा. दोन्ही भाग वेगवेगळे दळून सारख्या डब्यांत ठेवा. कोणता डबा कोणता हे न सांगता मुलांना रोज वास घ्यायला लावा. वरच्या वर्गांनी दर आठवड्याला दोन्ही पिठे समान वजनाने घेऊन सारख्याच अल्कोहोलमध्ये ढवळावीत, गाळावीत, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकावेत आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत विरल कॉस्टिक सोड्याचे थेंब मोजावेत. जास्त थेंब म्हणजे जास्त आम्ल.

दळताना मात्र पाण्यात बुडवलेली बाजरी आधी घाला. नाहीतर जात्यात अडकलेले कच्चे पीठ तिच्यात मिसळेल आणि त्यासोबत लायपेजही.